गेट तीनसमोरची खुर्ची

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच रॉइस टिलरी यांना काढल्याची बातमी सोमवारी सकाळी माझ्या औषधांच्या दुकानात येऊन थडकली, तेव्हा मॉरीन स्टेगल रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी काउंटरपाशी उभ्या होत्या. टायरवाल्या डब किट्रेलनं फोनमधली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. दुकानातल्या सगळ्यांच्या माना मॉरीनबाईंकडे वळल्या. कारण आमच्या हॅच्टन गावात टिलरींना घरी पाठवा, असं सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणणाऱ्या त्याच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तसं पत्र गावच्या पेपरात छापून आणलं होतं.

"काय मिस मॉरीन, केक मागवायचा का आज?" डब म्हणाला.

त्यांनी गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकली. "का काढलं, ते लिहिलंय?"

"'संघाला नवी दिशा देण्यासाठी.'"

"म्हणजे लिहिलेलं नाही," असं म्हणून त्या निघून गेल्या.

मॉरीनबाईंनी चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. चाळिशीच्या आतलं निम्मं गाव त्यांच्या बसमधून शाळेत गेलेलं. पोरांनी फारच दंगा केला तर त्या ओरडायच्या नाहीत. रस्त्याकडेला बस लावायच्या, किल्ली खिशात टाकायच्या आणि समोरच्या कापसाच्या शेताकडे बघत बसायच्या. पोरं आपोआप गप्प व्हायची. एकदा शाळेचे मुख्याध्यापक बसमध्ये चढून बडबडायला लागले, तेव्हाही त्यांनी हेच केलं म्हणतात.

कॉलेजच्या स्टेडियममध्ये चौदाव्या रांगेत त्यांची खुर्ची होती आणि शेजारची माझी. एकोणीस वर्षं मी त्यांच्या डाव्या कानाशी बसून सामने पाहिले. आमच्या संघाचं नाव खेचरं. खेचरं हरली की मॉरीनबाईंचा रविवार वाया जायचा आणि माझाही, कारण त्या चर्चमध्ये माझ्याच मागे बसत. टिलरींवर त्यांचा राग एकाच गोष्टीचा. चेंडू पुढं न्यायचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न, दोन हात जमीन उरलेली, तरी हा माणूस धोका पत्करायचा नाही. चेंडू लाथेनं लांब उडवून पलीकडच्यांच्या हवाली करायचा. "भित्रट," त्या दात आवळून म्हणायच्या. "हातातला घास उचलून शेजाऱ्याच्या ताटात."

टिलरींना काढलं त्याच्या लगेच आधीचे दोन सामने सांगायला हवेत. पहिल्यात आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा, टेव्हिन ओडम डोक्यावर पडला. उठला, हेल्मेट सरळ केलं आणि पलीकडच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. टिलरींनी त्याला बाहेर घेतलं. आम्ही चार गुणांनी हरलो. पुढचा शनिवार होमकमिंगचा, जुने विद्यार्थी, देणगीदार, सगळे गावात आलेले. टेव्हिन अंगात जर्सी घालून बाकावर बसून राहिला आणि आम्ही सपाटून मार खाल्ला. त्या दिवशी मॉरीनबाईंनीही टिलरींना पोटभर शिव्या घातल्या, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मंगळवारी त्या पोस्टात गेल्या. तिथं खिडकीवर लोर्ना ओडम बसते, टेव्हिनची आई. तीही लहानपणी त्यांच्याच बसमधली.

"पोरगं कसं आहे?"

"उजेड सहन होत नाही अजून. परवा दोनदा तोच प्रश्न विचारला मला." लोर्नानं शिक्का खाली ठेवला. "मिस मॉरीन, तुम्हाला सांगते. होमकमिंगच्या आधी गुरुवारी पेलसाहेब कोचच्या खोलीत गेले होते. डॉक्टर नको म्हणत होते तरी टेव्हिनला उतरवा म्हणून. टेव्हिन बाहेरच उभा होता. कोच म्हणाले, याच्या आईला मी शब्द दिलाय, तुम्ही दुसरा कोच बघा. तर यांनी बघितला."

ग्रेसन पेल म्हणजे कॉलेजच्या खेळ विभागाचे संचालक.

"हे मी बाहेर बोलू?"

"मोठ्यानं बोला," लोर्ना म्हणाली.

संध्याकाळच्या रेडिओवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्यांनी फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. मग जे सुरू झालं ते मी हॅच्टनमध्ये कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजच्या कुंपणावर चादरी लटकल्या, त्यांवर काळ्या रंगात टिलरींचं नाव. कॉलेजचे फोन आठवडाभर लागेनात. न्हाव्यानं काचेवर पाटी लावली: पेलसाहेबांनी केस दुसरीकडे कापावेत. खेळाडू मनगटाच्या पट्टीवर कोचचं नाव लिहून सरावाला उतरले. आणि गुरुवारी कुणीतरी पेलसाहेबांच्या बायकोच्या गाडीवर नको ते शब्द रंगवले.

मॉरीनबाई बादली आणि रंग काढायचं औषध घेऊन तिथं गेल्या. मलाही नेलं. तासभर आम्ही दार घासत होतो. पेलबाई पडद्याआडून बघत होत्या, बाहेर आल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मॉरीनबाईंनी परत रेडिओला फोन केला. "ज्यानं हे केलं त्यानं ऐकावं. त्या बाईनं कुणाला काढलेलं नाही. एवढी हौस असेल तर शनिवारी दिवसाढवळ्या स्टेडियमच्या गेट तीनसमोर ये. तोंड न झाकता ये."

शुक्रवारी त्या टिलरींच्या घरी गेल्या. अंगणात खोकी, कोच ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"मिस स्टेगल," ते म्हणाले, "मला घरी पाठवा असं छापलं होतं तुम्ही. त्याच पानात आता ही बशी गुंडाळली असती, पण सापडलं नाही."

"छापलं होतं. आणि त्या चौथ्या प्रयत्नाबद्दल माझं मत आजही तेच आहे."

"मग कशाला आलात?"

"दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. खेळ तुम्हाला जमत नाही म्हणून काढलं असतं, तर मी केक कापला असता. पोराचं डोकं जपलं म्हणून काढलं, तर काढणाऱ्याला मी सोडणार नाही."

टिलरी हसले नाहीत. बशी ठेवली आणि म्हणाले, "माझ्यासाठी काही करू नका."

"तुमच्यासाठी करतेय कोण?" मॉरीनबाई म्हणाल्या, आणि खाली बसून पेले गुंडाळायला लागल्या.

शनिवारी त्यांनी घडीची खुर्ची गेट तीनसमोर मांडली, स्टेडियमकडे पाठ करून. तिकीट टोपीला पिनेनं लावलं. मांडीवर रेडिओ, बाजूला उकडलेल्या शेंगांची पिशवी. शनिवारी गेटवर पहारा करणारा डबच होता.

"मिस मॉरीन, इथं बसता येत नाही."

"तिकिटाबरोबरची ही गाडी लावायची जागा संध्याकाळपर्यंत माझी आहे ना?"

"गाडीची. तुमची नाही."

"मग मी गाडी आहे असं समज. ओढून न्यायला माणूस बोलव."

डब पाचवीपर्यंत त्यांच्या बसमध्ये होता. त्यानं कुणालाही बोलावलं नाही. त्या दिवशी आत न जाता बाहेर बसलेले आम्ही अकरा जण होतो. जाणारे-येणारे टोमणे मारत होते. "ज्याला हाकला म्हणत होतीस त्याच्यासाठीच रडतेस होय गं म्हातारे?" एकानं विचारलं. "रडताना दिसतेय का मी?" त्यांनी विचारलं आणि शेंग सोलली. माझं सांगायचं तर, आत बँड वाजायला लागला तेव्हा माझे पाय शिवशिवत होते. एकोणीस वर्षांची सवय. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बसून राहिलो.

पुढच्या घरच्या सामन्याला माणसं एवढी आली, की खुर्च्या रस्त्यापर्यंत गेल्या. शेतकरी, शिक्षिका, जुने खेळाडू गुडघ्यांना पट्टे बांधून. सगळ्यांच्या पाठी स्टेडियमकडे. आतली चौदावी रांग पूर्ण मोकळी आणि तिच्या बरोबर समोर कॉलेजच्या अध्यक्षांची काचेची खोली, पेलसाहेबही तिथूनच सामने बघत. मध्यंतराच्या आधीच पेलसाहेब बाहेर आले. उंच माणूस, कडक इस्त्री. रेडिओवाली पोरगी मागोमाग.

"मॅडम, तुमच्या भावना मला समजतात," ते म्हणाले. "पण यात संघाचं नुकसान होतंय."

"एकच विचारते. डॉक्टर नको म्हणाले होते, हे तुम्हाला होमकमिंगच्या आधीच्या गुरुवारी माहीत होतं की नव्हतं?"

"ही कर्मचाऱ्यांची अंतर्गत बाब आहे, त्यावर मला बोलता..."

"हो की नाही?"

"मॅडम, कायद्यानं मी..."

"साहेब, मी चौतीस वर्षं पोरं सांभाळली. काच कुणी फोडली विचारल्यावर जे पोरगं कायदा सांगायला लागतं, त्यानंच फोडलेली असते. हो की नाही?"

चारशे माणसं शेंगा सोलायची थांबली. पेलसाहेबांनी रेडिओवालीच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मॉरीनबाईंकडे पाहिलं आणि वळून आत गेले. दारावर त्यांचा कोट अडकला तो सोडवून घ्यायला थोडा वेळ लागला. ते गप्प बसणं त्या संध्याकाळी सगळ्या काउंटीनं रेडिओवर ऐकलं.

डिसेंबरात विश्वस्तांची सभा झाली. लोर्ना ओडम बोलली, टेव्हिन काळा चष्मा लावून बोलला. मॉरीनबाई नुसत्या दाराजवळ उभ्या होत्या. शेवटी ठराव झाला: खेळाडू जखमी असेल तर डॉक्टरचा शब्द अखेरचा आणि कार्यालयातल्या कुणी त्यात तोंड घालायचं नाही. टिलरींना मात्र परत घेतलं नाही. ते दोन काउंट्या पलीकडच्या एका शाळेत पोरांना शिकवायला लागले. पेलसाहेबांची खुर्ची तशीच राहिली.

बहुतेकांना तेवढं पुरलं. पुढच्या सप्टेंबरात सगळे परत आत गेले. मीही गेलो, ते लपवत नाही. मॉरीनबाईंनी मोसमाचं तिकीट नेहमीसारखं पूर्ण पैसे भरून घेतलं आणि पहिल्या सामन्याला गेट तीनसमोर एकट्याच बसल्या.

मध्यंतरात मी त्यांच्यासाठी गार चहा घेऊन बाहेर आलो. टेव्हिन त्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीनं खेळत होता आणि छान खेळत होता. आतून गर्जना उठायची, मग चार-पाच सेकंदांनी रेडिओ काय झालं ते सांगायचा. त्यांना सगळं उशिरा कळत होतं.

"चला ना आता," मी म्हटलं. "नियम झाला. पोरगं बरं झालं. आणखी काय पाहिजे?"

"माझ्या प्रश्नाला पेलनं हो म्हणायला पाहिजे."

"तो कधीच हो म्हणणार नाही."

"मला कुठं घाई आहे?"

"अहो, पण पैसे भरून खुर्ची रिकामी ठेवायची म्हणजे..."

"त्या काचेच्या खोलीतून समोर बघितलं की कोणती खुर्ची दिसते, लॉयल?"

"चौदाव्या रांगेतली," मी म्हटलं. "तुमची."

"दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही त्यांना तिथं. माझं नाव आहे तिच्यावर." त्यांनी चहाचा घोट घेतला, साखर कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. "जा आत. सुरू होईल आता."