शिवनेरीवर इरावतीकाकी

लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांचे देठ खुडण्यात इरावती घाडीचं अर्धं आयुष्य गेलं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा तिने गोणपाटावर बसकण मारली, ती अजून तिथेच. बोलायला फटकळ, पण चाळीत बारसं असो की मयत, बाई सगळ्यांच्या आधी हजर. असल्या बाईचा एकुलता एक मुलगा स्वप्नील गेल्या पावसाळ्यात तापाने गेला आणि ही रडलीच नाही. तेराव्यालासुद्धा नाही. चाळ हैराण. रडल्याशिवाय माणूस मोकळं होत नाही म्हणे. तिला मात्र आत काहीच होत नव्हतं. आपलं पोरावर प्रेम तरी होतं का, अशी तिला आता धास्ती बसली होती.

शिवजयंतीला मंडळाची पोरं शिवनेरीवरून ज्योत आणतात. अनवाणी, आळीपाळीने धावत, थेट लालबागपर्यंत. स्वप्नील दरवर्षी त्यांचा पहिला धावणारा असायचा. यंदा त्याचा जोडीदार दीपक आला आणि म्हणाला, "काकी, तू चल. ज्योत तुझ्या हातून पेटवू." मेल्याला वाटलं, गडावर तरी बाई रडेल. तिला ते कळलं, तरी ती गेली.

सात दरवाजे चढली. दीपक दाखवत होता, ही लेणी सातवाहनांच्या काळातली, हा तट निजामशाहीतला, ही मशिदीची कमान, इथे महाराज जन्मले, मग मोगल, पेशवे, शेवटी इंग्रज. काकी नुसती हूं हूं करत होती, भाजीवाल्याकडे भाव ऐकावा तशी. शिवाईच्या देवळात तिने काडी ओढली, मशाल पेटली, पोरांनी जयजयकार केला. तिला काही झालं नाही.

पायथ्याशी पोरं रांगेत उभी राहिली. नाव पुकारायचं, ज्याचं नाव त्याने "आलो" म्हणून मशाल घ्यायची, अशी त्यांची रीत. दीपकने सवयीने हाक मारली, "स्वप्नील, ये रे."

दीपकचा चेहरा पांढराफटक पडला.

इरावतीने चपला काढल्या. "आले," म्हणाली आणि मशाल घेतली. धावणं कसलं, गुडघे धरलेली बाई, रस्त्याच्या कडेने रखडत निघाली. बाजूने दीपक रडत चालला होता. मशालीचं गरम तेल तिच्या मनगटावर ओघळलं.

"भाजतंय रे," ती म्हणाली.

"दे, काकी, माझ्याकडे दे."

"नको. इतक्या महिन्यांनी कायतरी कळतंय मला. राहू दे."