मामीची काठी कोणत्या हातात

आमच्या मामीला एखादी गोष्ट समजावून सांगून शहाणा राहिलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. तिला सगळं समजतं. गोंधळतो तो सांगणारा. मोबाइल शिकवायला बसलेला तिचा जावई तासाभराने स्वतःच्याच फोनचा पासवर्ड विसरून उठला होता. रेशनदुकानदार तर तिला लांबून पाहूनच "तुमचंच बरोबर" म्हणतो.

अशा मामीच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि काठी घेऊन चालायला शिकवायचं काम गोंदियाच्या एका फिजिओथेरपीवाल्या मुलीच्या गळ्यात पडलं. मामीच्या गावाहून, सौंदडहून, तिला गाडीत घालून न्यायचं काम माझ्या. नागपूरचा मामेभाऊ म्हणाला होता, आई चालाले लागू दे, मंग पाहू काय ते. मामीने त्याचा सरळ अर्थ लावला: चालता आलं तर गाव, नाही तर नागपूरचा फ्लॅट. गाव तिला सोडायचं नव्हतं, म्हणून जिवाच्या कराराने ती शिकायला लागली.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. मुलगी म्हणाली, "दादी, दर्द दाहिने पैर में है, तो छड़ी बाएँ हाथ में." मामी माझ्याकडे वळली. "भिंत पडली आपली, अन् टेकू शेजाऱ्याच्या भिंतीले काऊन लावून राहिली हे?" मला मुद्दा बिनतोड वाटला. मुलीने समोर उभं राहून करून दाखवलं, तर मामीने आरशासारखी नक्कल केली आणि काठी पुन्हा उजव्या हातात. मी समजावायला मध्ये पडलो आणि दोन्ही पाय धड असून लंगडायला लागलो. खुर्चीवर बसायला मात्र मामी इतक्या सफाईने मागे सरकली, की मुलगी बघतच राहिली. धानाचा रोवणा करणाऱ्या, म्हणजे भाताची रोपं, पऱ्हे, लावणाऱ्या बाया चिखलात माघारीच सरकतात. मामीची हयात त्यात गेलेली. "समोर चालाची सवय नाई मले," ती म्हणाली, जणू चूक रस्त्याचीच होती.

उपाय शेवटी तिनेच काढला. एका सकाळी अंगणात पाहतो तर काठी डाव्या हातात, काठी आणि दुखरा पाय बरोबरीने पुढे, मग चांगला पाय. कसं जमलं, म्हणून विचारलं.

"रोवताना पऱ्ह्याची जुडी डाव्या हातात राहते ना बाबू, लावतो उजव्यानं. काडी नाई, जुडी धरली मी."

मामेभाऊ आला तेव्हा मामीने त्याला अंगणभर चालून दाखवलं, एकदाही न चुकता. त्याचे डोळे भरून आले. "आता फिकर नाई," तो म्हणाला. "एवढं चालता येते, तं गाडीत चढणं बी जमते. उद्याच जाऊ नागपूरले."

मामी माझ्याकडे पाहत राहिली. समजावून सांगायची पाळी आता तिची होती, आणि ती काठी टेकत पिशवी भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या फलाटावरून ती डब्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. मी तिची पिशवी घेऊन मागून चालत होतो. फार वाटत होतं, निदान आज तरी हिने काठी चुकीच्या हातात धरावी.