गाडीतली थंड हवा आणि पोरीचं बाळंतपण

कारगिलची लढाई चालू होती, तेव्हा आमच्या लष्करी गाड्यांच्या कारखान्यात सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या. मला मोठ्या मुश्किलीने एक रविवार मिळाला. त्या दिवशी नागपूरहून पोरीला आणायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, आमच्याकडे हे कोणी विचारतही नाही. पण विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, "एवढ्या उन्हात थंड गाडी असेल तरच पाठवू. नाहीतर इथेच करू." जसं काही मी तिला ट्रकात टाकून आणणार होतो.

माझ्या जुन्या गाडीत एसी होता, पण त्याचा गॅस गळत होता. आमच्या शहरातल्या गोहलपूर मोहल्ल्यातल्या मिस्त्रीने दोनदा भरून दिला, अन् दोन्ही वेळेस आठवड्याच्या आत गरम हवा सुरू. ड्यूटी सुटल्यावर तिसऱ्यांदा गेलो तर तो पुन्हा सिलिंडरची नळी लावायला निघाला. मी बोनटवर हात ठेवला.

"पहले ये बता, गैस जाती किधर है?"

"बाऊजी, पुरानी गाड़ी है, थोड़ी-बहुत तो जाएगी. नागपुर तक चल जाएगी."

"और वापस?"

बोनटखालचे सगळे जोड त्याने साबणाच्या पाण्याने तपासले होते, फेस कुठेच आला नव्हता. उरली डॅशबोर्डमागची कॉईल, जिच्यावरून हवा थंड होऊन आत येते. तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, अन् तेच त्याला नको होतं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण कामचोरी ओळखायला शाळा लागत नाही. कारखान्यात आमच्या खात्यात डिझेलच्या प्रत्येक टाकीत हवा भरून ती हौदात बुडवायचो. बुडबुडा आला की परत वेल्डिंगला. लढाईच्या घाईत एक साहेब "चलने दो" म्हणाले, तेव्हाही मी ती टाकी पुढे जाऊ दिली नव्हती. अन् हा मला शिकवून राहिला होता.

"डैशबोर्ड खोला तो गाड़ी परसों तक यहीं पड़ी रहेगी," मिस्त्री म्हणाला.

"पड़ी रहने दे. मैं भी यहीं पड़ा हूँ."

बाजूचा पंक्चरवाला हसला. "खोल दे भाई, नहीं तो बाऊजी के लिए खाट मँगानी पड़ेगी."

खोलला. कॉईल तेलाने ओली, वर धूळ चिकटलेली. हवा भरून टबात बुडवली, तर एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची रांग लागली. माझा राग उतरला नाही, वाढला. परतीच्या वाटेत सिवनीच्या पुढे भर दुपारी हा गॅस संपला असता अन् पोर गाडीत असती तर?

नवी कॉईल बसवली, जोडांना नव्या रबरी रिंगा टाकल्या. पंपाने आतली हवा अन् ओल ओढून काढली, दाबाच्या घड्याळाचा काटा हलत नाही, म्हणजे कुठे गळत नाही, हे मी बसून पाहिलं, मगच गॅस भरू दिला.

रविवारी नागपूरला पोहोचलो. पोर बॅग घेऊन पायरीवर उभी. विहीणबाई आधी स्वतः गाडीत बसल्या अन् एसीच्या जाळीपुढे हात धरून राहिल्या, बराच वेळ. माझ्या शब्दाला त्यांच्याकडे एवढाच मान.

"आहे थंड," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, मग निघा."

"नको. बस गं तू."

गल्लीच्या बाहेर आल्यावर पोर म्हणाली, "बाबा, चहा तरी घ्यायचा होता. त्यांना राग आला असेल."

"येऊ दे. काच वर कर, हवा बाहेर जाऊन राहिली."