होस्टेलात बैल नव्हते

माळावरून चालून घरी आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात. चालताना कळत नाही, टेकलं की एकेक टोचायला लागतं. होस्टेलच्या गोष्टींचं माझं तसंच झालंय. आता पेन्शनीत निवांत टेकलोय, तर रोज एखादी टोचते. आणि टोचणाऱ्या बहुतेक गोष्टी केरबाच्याच असतात!

केरबा तेलगावचा, मी सिरसाळ्याचा आणि गफूर बीडच्या एका शिंप्याचा मुलगा. निजामाच्या राज्यात आम्ही तिघं हैदराबादला कॉलेज शिकायला गेलो. होस्टेल पोरांनी भरलेलं, पण मराठी बोलणारे आम्ही तिघंच. साहजिकच तिघांची खोली एक झाली.

*

केरबाचं कॉलेज ठरलं ते तेलगावच्या पारावर. बीडचे एक वकील म्हणाले, पोरगं हुशार आहे, पुण्याला धाडा. पटवारी म्हणाले, पुण्याचं शिकून इथं काय करील? इथली कचेरी उर्दूत चालते.

केरबाचे वडील दगडूआप्पा दोघांचंही ऐकून घेत होते. कचेरीचा कागद आला की गावात तो वाचणारं कुणी नसे. दुसरा सांगेल ते ऐकायचं आणि अंगठा उठवायचा. असाच एक अंगठा उठवून आप्पांचं विहिरीजवळचं रान गेलं होतं. ते दुःख ते कुणाजवळ बोलत नसत.

शेवटी त्यांनी निकाल दिला. "पुण्याचे लोक आपल्या मराठीला हसतेत. हैदराबादला मराठीच न्हाई, मग हसतील कशाला?"

सगळ्या पाराला हे पटलं.

परभणीला आम्हाला रेल्वेत बसवताना मात्र आप्पा केरबाला बाजूला घेऊन म्हणाले, "न्हाईच जमलं तर ये माघारी, बैलं हायतच. पर मंग गावातून दुसरं पोरगं कुणी धाडायचं न्हाई, एवढं ध्यानात ठिव." केरबानं मान हलवली आणि गाडी सुटेपर्यंत तो खाली बघत राहिला.

*

पहिल्याच दिवशी उर्दूच्या प्रोफेसरांनी एकेकाला उभं करून गाव विचारलं. ते उत्तरेकडचे, त्यांची जबान अत्तरात भिजवलेली. केरबा उठला आणि मोठ्यांदा म्हणाला, "तेलगाव का-इच हूँ, साब!" आमच्या बीडकडं बाजारात, कचेरीत, सगळीकडे हीच उर्दू. तिच्यात काही हसण्यासारखं आहे, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. अख्खा क्लास हसला.

खोलीवर आल्यावर केरबा भिंतीकडं तोंड करून पडला. मी म्हटलं, गफूर, तू तरी समजाव, तुझी तर ती घरचीच भाषा.

गफूर म्हणाला, "मीबी तसंच बोललो की. तुला नुसते हसले. माजी त्यांना लाज वाटली."



*

कॉलेजात शेरवानी आणि गोंड्याची लाल टोपी घालायचा रिवाज होता. शेरवानी गफूरच्या वडिलांनी शिवून दिली. टोपी घालून केरबा आरशापुढं उभा राहिला. मान हलवली की गोंडा हले, गोंडा हलला की तो पुन्हा मान हलवून बघे.

मग टोपी काढून खुंटीला अडकवत म्हणाला, "पोळ्याला बैलाला गोंडा बांधतेत ते ठीक हाय. मला कावून?"

तरी ती टोपी त्यानं रोज घातली.

*

होस्टेलच्या मेसमध्ये हिंदूंचं आणि मुसलमानांचं अशी दोन स्वयंपाकघरं होती. हिंदूंकडचा आचारी तेलंगणाकडचा. दोन्ही वेळा भात आणि चिंचेचं आंबट. जेवून उठलं तरी पोटात काही गेल्यासारखं वाटत नसे. केरबाचे गाल बसले.

एकदा बीडहून गफूरचा मामा आला. गफूरच्या आईनं त्याच्याजवळ ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी धाडली होती. गफूरनं फडकं सोडलं आणि खोलीभर गावाचा वास झाला. मी हात घातला. केरबा जागचा हलला नाही. त्याच्या घरी मुसलमानाच्या हातचं पाणी चालत नसे.

पण भाकरी समोर होती. थोड्या वेळानं तो सरकत सरकत आला, एक चतकोर मोडला आणि खाली मान घालून खाऊ लागला. दुसरा चतकोर घेताना गफूरला म्हणाला, "माज्या आईला सांगू नगंस."

गफूर म्हणाला, "मीबी माज्या आईला सांगत न्हाई. तिनं एकट्या माज्यासाठी धाडल्यात!"

*

केरबाला एक खोड होती. भल्या पहाटे बैलांना वैरण टाकायची वेळ झाली की त्याचे डोळे उघडत. होस्टेलात बैल कुठले? मग तो व्हरांड्यात येरझाऱ्या घाली, खाकरे, नळ सोडी. शेजारच्या खोलीत एका जहागीरदाराचा मुलगा राही. सगळे त्याला छोटे जहागीरदार म्हणत. क्लासमध्ये केरबाची नक्कल करण्यात त्याचा पहिला नंबर. त्यानं वॉर्डनकडं तक्रार केली.

वॉर्डननी केरबाला बोलावून सांगितलं, "मियाँ, यहाँ बैल नहीं हैं."

तेव्हापासून केरबा उठून अंधारात कॉटवर नुसता बसून राही. मला जाग आली की तो बसलेला दिसे.

*

मग रमजान आला. रोज्याआधीच्या जेवणाला, सहरीला, पोरांना उठवायला गल्लीतला एक फकीर येत असे. तो आजारी पडला. पहिल्याच दिवशी सगळं होस्टेल झोपून राहिलं आणि पोरांना उपाशीपोटी रोजा धरावा लागला. गफूरनं केरबाला हाताशी धरलं. म्हणाला, तू जागाच असतोस, तेवढी दारं वाजव. दुसऱ्या दिवसापासून केरबा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दार न दार वाजवत जायचा. सहरी एकदाही चुकली नाही.

पण क्लास तोच होता. एक दिवस प्रोफेसरांनी केरबाला धडा वाचायला उभं केलं. तो एक ओळ वाचे आणि मागून छोटे जहागीरदार तीच ओळ त्याच्या हेलात म्हणत. क्लास हसला. प्रोफेसरही हसले. केरबानं पुस्तक मिटलं आणि खाली बसला.

त्या संध्याकाळी त्यानं गाठोडं बांधलं. पहाटेची गाडी होती. मी आप्पांची आठवण दिली, गावातल्या पुढच्या पोरांची दिली. गफूरनं हात धरला. केरबा एवढंच म्हणाला, "मला लई समजावू नका. आता सोसंना."

पहाटे तो उठला. टोपी खुंटीलाच ठेवली, गाठोडं खांद्यावर घेतलं आणि निघाला. आम्ही मागोमाग गेलो. जाता जाता रोजच्यासारखं एकेक दार वाजवत चालला होता. छोट्या जहागीरदारांनी डोळे चोळत दार उघडलं आणि गाठोड्याकडं बघितलं.

"कहाँ?"

"गाँव को."

छोटे जहागीरदार उंबऱ्यापर्यंत आले. मग हळूच म्हणाले, "और कल हमें कौन उठाएगा?"

केरबानं त्यांच्याकडं बघितलं. गाठोडं खांद्यावरून उतरवून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि पुढचं दार वाजवलं.