उजव्या अंगाची शीट

मलकापूरकडून कोल्हापूरला येणाऱ्या वडापच्या, म्हणजे परवान्याशिवाय माणशी भाड्यानं चालणाऱ्या, जीपमध्ये ड्रायव्हर कधी आपल्या जागेवर बसत नसे. तो थोडा मध्ये सरकायचा आणि त्याच्या उजव्या अंगाला, दाराला लागून, आणखी एक माणूस बसायचा. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा हे बघायचा तेव्हा दचकायचा. गाडी नक्की चालवतंय कोण, हेच त्याला उमगायचं नाही. पण त्या रस्त्यावरच्या गावांना त्यात काही वावगं वाटत नसे. एसटी तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. वडाप भरलं की निघायचं, आणि भरलं कधी म्हणायचं ते ड्रायव्हरच्या हातात. मागं माणसावर माणूस, त्यात दुधाच्या किटल्या, कोंबड्या. पुढच्या उजव्या शीटला मात्र खिडकीचं वारं आणि अख्खा रस्ता नजरेसमोर. ती जागा मागून मिळत नसे. ड्रायव्हरनं द्यावी लागायची.

पाटलांचा आकाराम आपल्या जीपमधली ती जागा भाऊसो टेलरांसाठी राखून ठेवायचा.

"या की मामा! तुमची शीट हाय. ए, उठ रं तितनं, टेलरमामा आल्यात."

उठणारा कधी सरपंचाचा भाचा असायचा, तर कधी कारखान्यातला कारकून. भाऊसो "असू दे, असू दे" म्हणत, पण पाय मात्र तिकडंच वळलेले असत. बुद्धवाड्यातल्या कौलारू घराच्या पडवीत वीस वर्षं त्यांचं मशीन चालू होतं. आकारामच्या लग्नातला सफारी त्यांनीच शिवला होता आणि तो अजून फिट बसतो, असं आकाराम स्टँडवर सगळ्यांना सांगायचा. मानाचं कारण एवढंच. पण भाऊसोंसाठी ते एवढंच नव्हतं. त्यांचे वडील गावच्या बैलगाडीमागून बाजारापर्यंत चालत गेलेले. गाडी रिकामी असली तरी चालतच. त्या बापाचा लेक आता पाटलाच्या पोराच्या गाडीत सगळ्यांच्या पुढं बसत होता. लांबून बघणाऱ्याला तर वाटायचं, भाऊसोच गाडी चालवतायत. हे त्यांना ठाऊक होतं. कुणी ओळखीचं दिसलं की ते कोपर खिडकीवर टेकून ऐटीत बसायचे.

त्या वर्षी थंडी सरत आली होती आणि उसाची तोड जोरात होती. कोल्हापुरात सुरवारीचं कापड आणायला भाऊसो निघाले. पुढं आकारामच्या डाव्या हाताला बयाबाई मांडीवर माळव्याची, भाजीपाल्याची उंच पाटी घेऊन बसली होती; पलीकडचं तिला काही दिसत नव्हतं. मागं नेहमीची दाटी.

बांबवड्याच्या अलीकडं एक वळण आहे. वळणाच्या तोंडाशी उजव्या बाजूला चहाची टपरी, आणि त्या दिवशी टपरीसमोर भाऊसोंच्या लेकीचे, साक्षीचे, सासरे उभे. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, धोतराला कधी डाग नाही. लग्नाच्या बैठकीत त्यांनी सहज विचारलं होतं, "तुम्ही वडापनंच येता जाता का? आम्ही आपले एसटीवाले." त्यात टोमणा होता की नव्हता, देव जाणे, पण भाऊसोंच्या मनात तो जाऊन बसला होता.

गुरुजींची पाठ होती. भाऊसोंनी हाक मारली, "जयभीम, गुर्जी!" गुरुजींनी मान वळवली नाही. गाडी पुढं निघून जाणार, व्याह्यांनी बघितलंच नाही तर? भाऊसो शीटवरून अर्धे उठले, उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि पुन्हा ओरडले. त्याच घटकेला आकाराम डावीकडं वळण घेत होता. भाऊसोंची पाठ त्याच्या उजव्या हातावर रेलली. हात अडला आणि चाक फिरलंच नाही. गाडी सरळ रस्ता सोडून उजवीकडच्या बांधावर जाऊन घासली. बाहेर काढलेला हात दार आणि बांध यांच्यामध्ये सापडला.

नंतरचं त्यांना तुकड्या-तुकड्यात आठवायचं. बयाबाईच्या कपाळावरून येणारं रक्त. रस्ताभर सांडलेले टोमॅटो. आणि पांढरंशुभ्र धोतर सावरत पळत येणारे गुरुजी, "अहो, हे तर आमचे व्याही!" गुरुजींनी त्यांना शेवटी बघितलं, ते असं.

दवाखान्यात न्यायच्या आधीच, बांधाशीच, सगळ्यांचं ठरलं. ते ठरवावंही लागलं नाही. वडापला कुठं काही झालं की त्या रस्त्याची माणसं एकच बोलायची. आम्ही सगळे पाहुणे, भाडं कुणी दिलं नाही, आणि ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला कुणी नव्हतं. ड्रायव्हर आपलाच, उद्या त्याच्याच गाडीत बसायचं, त्याला पोलिसांच्या तावडीत कशाला द्यायचं? बयाबाईनं कपाळावर पदर दाबूनच हवालदाराला सांगितलं, "कोन न्हवतं जी तितं. त्यो एकटाच हुता."

थोरल्या दवाखान्यात डॉक्टरांनी भाऊसोंचा हात उलटसुलट बघितला. मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली होती.

"हात खिडकीबाहेर होता का?"

"न्हाय साहेब."

उत्तर तोंडातून निसटलंच. शेजारी गुरुजी उभे होते. आपण कशासाठी हात बाहेर काढला होता हे त्यांच्यासमोर सांगण्यापेक्षा दुसरा हातही मोडला असता तर बरं, असं भाऊसोंना वाटलं. मग हवालदार आले. भाऊसोंनी सांगितलं, आपण मागं होतो, काही दिसलं नाही.

हवालदारांनी टोपी मागं सारली. "दिवसाढवळ्या, मोकळा रस्ता, समोर गाडी न्हाय, गुरंढोर न्हाय, उजव्या अंगाला कोन न्हाय. मग गाडी गेली कशी बांधावर? पिऊन हुता काय ड्रायव्हर?"

 आकारामला वाचवायला सगळ्यांनी मिळून जे सांगितलं होतं, त्यातून एवढा एकच रस्ता मोकळा राहिला होता.

आकाराम पूर्वी प्यायचा, हे खरं होतं. पोरगी झाल्यावर त्यानं सोडली होती, आणि सोडली म्हणून गावानं कौतुकही केलं होतं. आता तेच गाव म्हणू लागलं, सुटती व्हय अशी?

भाऊसो घरी आले आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटांचे पुडे आणि केळी यांच्याबरोबर जो तो सल्लाही घेऊन यायचा.

"प्लॅस्टर काडा नि आजऱ्याच्या वैद्याकडं चला. झाडपाल्यानं हाड सांदतंय."

"काय ऐकू नगासा. दवाखान्याचे कागद, फोटो सगळे जपून ठेवा. वकील लागतोय. कोर्टात दावा टाकला की भरपाई मिळती."

"गावातल्या गावात मिटवा बाबा. पाटलाच्या घरावर दावा टाकणार व्हय?"

मीनाबाई, त्यांची बायको, चुलीपुढं बसून सगळ्यांसाठी चहा ठेवायची आणि ऐकायची. ती अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांचं खरंखोटं ऐकून ऐकून तिचे कान तयार झालेले. आपल्या माणसाचं काहीतरी बिनसलंय, हे तिला कळत होतं. हात दुखतोय म्हणून तो गप्प नाही. आकारामचं नाव निघालं की गप्प होतोय.

"एवढा भला मानूस, पन दारूनं वाटोळं केलं," कुणी म्हणायचं.

भाऊसो "हं" म्हणायचे. 

एके सकाळी आकाराम स्वतः आला. हातात दुधाचं भांडं. पडवीतल्या मशीनवर चादर घातली होती. तिच्याकडं बघत तो उंबऱ्याशीच टेकला. "आत ये की रं," मीनाबाई म्हणाली. तो आला नाही.

"मामा, तुमचा हात माज्यापायी गेला."

भाऊसोंनी पांघरूण वर ओढलं.

"आईची आन, पेलो नव्हतो. पन मग चाक का फिरलं न्हाय? डोस्कं आपटलं तवापासनं ती घटका पुसल्यागत झालीया, मी रोज आठवतोय. कवा वाटतंय डोळा लागला. कवा वाटतंय हातच माजं मेलं हुतं. परवा भावानं किल्ली दिली, म्हनला बस. शीटवर बसलो आनि हात थरथराय लागलं. उतरलो. आता गाडी त्योच नेतोय." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "बायको रात्री तोंडाचा वास घेती, मामा. मी झोपलोय असं समजून."

तो गेल्यावर चहाचा कप तसाच राहिला होता. मीनाबाईनं तो उचलला, नवऱ्याकडं बघितलं आणि आत गेली.

पौर्णिमा आली. विहारात वंदना म्हणायचा मान भाऊसोंचाच. आवाज भरदार, आणि इतकी वर्षं एकही शब्द चुकला नव्हता. गळ्यात अडकवलेला हात घेऊन ते पुढं बसले. पंचशीलातलं एक शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं. भाऊसोंनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मागं बसलेली माणसं थांबली. लहान पोरीही डोळे उघडून बघू लागल्या. शेवटी कुणीतरी मागूनच ते शील म्हटलं आणि वंदना पुढं गेली.

"दुखतंय वाटतं मामास्नी," बायका म्हणाल्या.

घरी येऊन मीनाबाईनं दार लोटलं. "अवं, बोला आता."

ते बोलले. भिंतीकडं तोंड करून, सगळं. गुरुजींची पाठ, हाक, हात, आकारामचा अडलेला हात. बोलून झाल्यावर ती रागावेल, रडेल असं त्यांना वाटलं. 

"येवड्यासाटी?" ती म्हणाली. "त्या गुर्जीनं बघावं म्हनून?"

"तू म्हनशील ते खरं. पन आता सांगितलं तर गाव काय म्हनंल? म्हनतील, बसवला पुडं, तर बघा काय केलं त्यानं. आपल्या पोरास्नी पुन्ना कोन पुडं बसवंल? माझा बाप त्या गाडीमागनं..."

"मामंजींचं नाव काडू नगासा ह्यात." मीनाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्यास्नी चालाय लावलं, ती लाज लावनाऱ्याची हुती. त्यांची न्हवती. ही तुमची हाय. त्यांच्या लाजंखाली ही दडवू नगा."

भाऊसोंनी मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना बायकोसमोर असं कधी बसावं लागलं नव्हतं. ती पडवीत गेली आणि मशीनवरची चादर काढून झटकू लागली. चादरीवर धूळ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडापच्या थांब्यावर नेहमीची गर्दी होती. आकारामची जीप उभी होती, त्याचा भाऊ गिऱ्हाईकं गोळा करत होता. आकाराम लांब पिंपळाच्या पारावर, कुणाशी न बोलता. बयाबाईच्या कपाळावरचे टाके निघाले होते, खूण राहिली होती. भाऊसो आले. माणसांनी त्यांना वाट करून दिली. ती वाट त्यांना नको होती.

"मला सांगायचंय काय तरी," ते म्हणाले. आवाज विहारातल्यासारखाच अडला. पण या वेळी त्यांनी ढकलला. "आकाराम पेला नव्हता. उजव्या अंगाला मी हुतो, तुमास्नी ठाव हाय. व्याह्यास्नी हात कराय मी उटलो, माजी पाट त्याच्या हातावर पडली. त्याचा हात मी अडवला. मागं हुतो म्हनून हवालदाराला मी खोटं सांगितलं."

 म्हातारे हंबीरराव पुढं सरकले. "म्हंजे, व्याह्याला हात करायपायी बयाबाईच्या कपाळाला टाकं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-तिघं. भाऊसोंना ते हसू शिवीपेक्षा झोंबलं. मागून एक जण म्हणाला, "तरी म्हनत हुतो, ह्या लोकास्नी पुडं..."

"तू गप रं, पिराजी!" बयाबाई एकदम फिरली. "तू त्या शीटवर बसून झोपा काडतुयास, घोरतुयास, डुलक्या खात ड्रायव्हरच्या अंगावर पडतुयास. तवा तुजी जात कोन काडती काय? कपाळ माजं फुटलंय, बोलीन मी." आणि भाऊसोंकडं वळून, "तुमास्नीबी सोडत न्हाय मी, मामा. येवडं दिस पोराला जाळलंसा."

"व्हय," भाऊसो म्हणाले.

आकाराम पारावरून उठून आला होता. तो मिठी मारील, निदान हायसं वाटून हसेल, असं काहींना वाटलं. तो भाऊसोंच्या समोर येऊन थांबला. 

"मामा, मी तुमच्या उंबऱ्याशी बसून आईची आन घेतली. तवा तुमी ऐकत हुता."

"व्हय."

"पांघरूण घेऊन."

 माफी मागायची म्हणून ठरवून आणलेले शब्द होते, ते भाऊसोंनी आतच ठेवले.

आकारामनं भावाकडून किल्ली घेतली. ती मुठीत धरून तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. आपल्या हाताकडं बघत. मग म्हणाला, "ठाण्यात जावं लागंल. हे तितं सांगावं लागंल. उजव्या अंगाला शीट घेतली म्हनून मलाबी धरतील. धरू द्यात."

"मी येतो."

"यायलाच पायजे तुमी."

गाडी भरली. बयाबाई तिच्या नेहमीच्या जागेवर बसली. आकाराम आज मध्ये सरकला नाही. दाराला लागून, आपल्या जागेवर बसला. "उजवीकडं कोन?" कुणीतरी सवयीनं विचारलं. "कोन न्हाय," तो म्हणाला. भाऊसोंनी मागची फळी धरली. एका हातानं चढणं जमेना. कुणी हात देईल का, हे त्यांनी बघितलं नाही. चढले आणि किटल्यांच्या मध्ये, मागच्या रस्त्याकडं तोंड करून बसले.

पहिल्या वळणावर आकारामनं गाडी सावकाश घेतली. दुसऱ्या वळणावर नेहमीसारखी. मागं बसलेल्यांनी एकमेकांकडं बघितलं.

बांबवड्याच्या अलीकडच्या टपरीसमोर त्या दिवशीही गुरुजी उभे होते. जीप ओळखून त्यांनी पुढच्या उजव्या खिडकीकडं बघितलं, हात उंच केला आणि हसून म्हणाले, "जयभीम!" तिथं आकाराम होता. हात तसाच वर ठेवून ते गोंधळून बघत राहिले. मागं बसलेल्या भाऊसोंना सगळं दिसत होतं. गाडी पुढं गेली, गुरुजी लहान होत गेले, आणि भाऊसोंचा गळ्यात अडकवलेला हात जागचा हलला नाही.