तीच फाईल, फक्त नावं बदला

गेलं वर्षभर माझा कॉम्प्युटर रोज सकाळी मला एकच धमकी देत होता आणि मी रोज 'नंतर' दाबून ती परतवत होते. तुमची विंडोज जुनी झाली, आता बदला. डोंबिवली पूर्वेला आमच्या ब्लॉकच्या पुढच्या खोलीत बसून मी लग्नपत्रिका करते. म्हणजे मजकूर टाइप करायचा, सजवायचा आणि ठाकुर्लीच्या प्रेसकडे छपाईला पाठवायचा. हे सगळं ज्या मराठी फॉन्टच्या प्रोग्रॅमवर चालतं, तो त्या जुन्या विंडोजवरच चालतो. विंडोज बदलली की तो गेला, आणि तो गेला की माझ्या सगळ्या जुन्या पत्रिका गेल्या.

त्या जुन्या पत्रिका हाच माझा धंदा आहे, हे कुणाला सांगून पटत नाही. माझ्याकडे कोणी नवी पत्रिका करायला येतच नाही. लोक चप्पल काढायच्या आधी विचारतात, "ताई, मोठीच्या लग्नाची फाईल आहे ना? तीच काढा, फक्त नावं बदला." गणपती तोच, कुलस्वामिनी तीच, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तेच. समोरच्या इमारतीतल्या बौद्ध कुटुंबाची 'मंगल परिणय'वाली पत्रिका सगळ्या भावंडांना पुरली. मधल्या काळात कुणी वारलं असेल तर त्यांना निमंत्रकांतून उचलायचं आणि नावाआधी 'कै.' लावून वर आशीर्वादाच्या ओळीत बसवायचं. नवी बाळं जन्मली असतील तर ती तळाशी, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणायला. डिझाइन बाजारात माझ्याहून छान मिळतं. फाईल मिळत नाही.

आमचे हे ठाण्याला नोकरी करतात. त्यांच्या ऑफिसात एक गृहस्थ लिनक्सचे, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या दुसऱ्या सिस्टिमचे, भक्त आहेत. त्यांनी कान भरले की हे घरी येऊन म्हणायचे, "अगं, लिनक्स टाकू. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही."

"त्यात माझा प्रोग्रॅम चालेल?"

"थोडी खटपट केली तर चालेल, म्हणतो तो."

"खटपट कोण करणार, तो येणार आहे रोज डोंबिवलीला?"

मग दोन दिवसांनी नवी टूम, नवीन लॅपटॉपच घेऊ, विंडोज इलेव्हनवाला. मग परत लिनक्स. मला कशातच धड उत्तर सापडेना. टाइप करता करता मी उठायची, टेबल पुसायची, चहा ठेवायची, चहा तसाच ठेवून परत येऊन बसायची. मशीन सुरू होताना पंखा घरघरला की हातातलं टाकून मी त्याच्यापुढे येऊन उभी राहायची. प्रेसवाला वेगळाच वैतागलेला. "वहिनी, तुमचा पेनड्राइव्ह लावला की आमचं मशीन बोंबलतं. कधी बदलताय?" मी त्याच्यावर डाफरायची. बदलायला याचं काय जातं, असं वाटायचं. खरं तर राग त्याचा नव्हताच. या वयात हातचं काम गेलं तर मी काय करणार, ही भीती होती, आणि ती भीती मला कुणाला दाखवायची नव्हती.

एका सकाळी मशीन सुरूच होईना. खूप वेळाने झालं, पण तेवढ्यात माझा धीर सुटला. मी यांना ऑफिसात फोन करून म्हटलं, आणा तो लॅपटॉप. आणला. प्रोग्रॅम त्यावर अर्थातच चालला नाही. जुन्या पत्रिका उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्यांच्या खुणा आणि कंस. कुलस्वामिनीच्या जागी नुसती आकड्यांची पिलावळ. मी लॅपटॉप मिटून ठेवला आणि जुन्या मशीनवर काम करत राहिले. म्हणजे पैसे घालून मी होते तिथेच.

तेवढ्यात कल्याणहून दादाचा फोन आला. धाकट्या भाच्याचं लग्न ठरलं होतं. "मोठ्याची फाईल आहेच ना तुझ्याकडे? नावं बदल फक्त. दोन मिनिटांचं काम."

मी ठरवलं, घरचंच कार्य आहे, हे नव्यावर करून बघू. चुकलं तरी दादा काय, चार शब्द बोलेल. मोठ्या भाच्याची छापील पत्रिका कपाटातून काढली, लॅपटॉपला टेकवून उभी केली आणि पहिल्या अक्षरापासून टाइप करायला घेतली. बोटं टाइपरायटरच्या पद्धतीची, आणि नवा कीबोर्ड वेगळा. एकेक अक्षर शोधावं लागत होतं. जी पत्रिका मी डोळे मिटून पुरी केली असती, ती मला शब्द शब्द वाचावी लागली.

आशीर्वादात आजोबा, मग आमचे बाबा, मग थोरले काका. सगळे कै. निमंत्रकांत दादा-वहिनी, सगळे चुलतभाऊ, ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून बोलणं बंद आहे ते शेजारचे काकासुद्धा. प्रेषकांत माझ्या यांचं नाव. तळाशी तेव्हा बोलताही न येणारी दोन बाळं. मी परत वरपासून वाचलं. आमची आई कुठेच नव्हती.

ज्या मुलाचं लग्न होतं त्याला आईने वाढवलं. वहिनी नोकरीला जायची, दोन्ही मुलगे आणि धाकटी मुलगी, तिघांचं न्हाणंमाखणं, शाळेचे डबे, सगळं आईने केलं. आणि ती पत्रिका चुलतभावाच्या पत्रिकेवरून केलेली, त्याची आणखी कुणाच्या. तिथे विधवा काकू गाळलेली होती, म्हणून इथे आई गाळली गेली. कुणी ठरवून काढलं नव्हतं, फाईलमध्ये नव्हतं म्हणून नव्हतं. माझं डोकं असं फिरलं की मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले आणि दादाला फोन लावला.

"आईचं नाव कुठे घालू?"

"आईचं? अगं, मोठ्याच्या वेळी नव्हतं ना. आपल्यात पद्धत नाहीये तशी. आणि तिलाच नाही आवडणार, विचार हवं तर."

"दे तिला फोन."

आई फोनवर आली. मी विचारल्यावर म्हणाली, "माझं कशाला आता? तू तीच फाईल वापर. तुझा त्रास वाचेल."

"ती फाईल उघडतच नाहीये, आई. सगळं नव्याने लिहितेय."

तशी ती हळू म्हणाली, "मोठ्याच्या वेळी मी चष्मा लावून दोनदा वाचली होती. म्हटलं, घाईत मला दिसलं नसेल."

मी फोन ठेवला आणि निमंत्रकांच्या सगळ्यात वरच्या ओळीत, दादा-वहिनीच्या आधी, श्रीमती लावून तिचं नाव घातलं. त्या नव्या कीबोर्डवर तेवढं एकच नाव न चुकता आलं. दादा थोडा कुरकुरला. मी म्हटलं, मग दुसरीकडून करून घे. त्यावर त्याने किती प्रती हव्यात ते सांगितलं.

छापून आली तेव्हा पहिली देवापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन मी कल्याणला गेले. आईने चष्मा पुसला, वाचली, बोट एका जागी ठेवून परत वाचली. मग पत्रिका मांडीवर ठेवत म्हणाली, "ह्या नव्या कॉम्प्युटरात फाईल राहते ना गं?"

"राहते."

"मग जपून ठेव. आता धाकटी नात राहिली आहे. तोवर मी नसले, तर श्रीमतीचं कै. करायचं आणि मला वरच्या ओळीत न्यायचं." आणि दादाकडे बघून हसली. "दोन मिनिटांचं काम."