आखूड, कसूर आणि महाल

“अहो आजोबा, अरबीत आखूड, कसूर आणि महाल या तिन्ही अर्थांचे शब्द क-स-र या एकाच मुळातून येतात,” घाटकोपरचे आमचे टेलरचाचा गिऱ्हाइकाला समजावत होते. आजोबा वीतभर आखूड लेंगा घेऊन खूश होऊन गेले.

आता माझी पाळी. उद्या इंटरव्ह्यू होता आणि कुर्त्याची मनगटापर्यंत सांगितलेली बाही कोपराशीच संपली होती. तीन वर्षं मी असे कपडे ‘थँक यू’ म्हणत घरी नेले होते. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणजे भाषण येणार. तेवढ्यात मला त्यांच्या स्टुलावरची उशी दिसली. तिला माझ्याच कुर्त्याच्या कापडाचा नवाकोरा अभ्रा होता.

“बेटा, महाल म्हणजे काय…”

“महाल राहू द्या, चाचा,” मी म्हटलं. “अभ्रा उसवा. दोन्ही बाह्या पुऱ्या होतील.”